निदानापेक्षा कामाचा दिवस लिहा

वाचकाचं पत्र

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो, दोघंही नोकरी करतो. मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी आहे, ईएचसी प्लॅन (शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या गरजांचा कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, केलेला आराखडा) आहे. सप्टेंबरपासून कॉलेजतर्फे एका हॉस्पिटलात त्याची सपोर्टेड इंटर्नशिप सुरू होतेय. आधी स्टोअर, मग किचन, मग वॉर्डांमध्ये सामान पोचवणं. आठवड्यातले चार दिवस तिथे, एक दिवस कॉलेजात. कॉलेज म्हणतं, जॉब कोच (कामाच्या जागी काम शिकवणारा माणूस) आणि टॅक्सीचा खर्च 'ॲक्सेस टू वर्क' या अपंगांना कामात मदत करणाऱ्या सरकारी योजनेतून मिळेल, फॉर्म भरून द्या. ह्यांचं म्हणणं, सरकारी पैसे घेतले की पीआयपीवर (अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यावर) गदा येईल आणि पुढे कधीतरी परतही मागतील. त्यापेक्षा मीच बिनपगारी रजा घेऊन पहिले दोन महिने त्याच्यासोबत जावं. फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं तेही समजत नाही.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) श्रवणयंत्रं आहेत. ८० माणसांच्या कंपनीत अकाउंट्समध्ये चार वर्षं काम करतेय. मीटिंगमधलं निम्मं बोलणं सुटतं. श्रवणयंत्राला जोडणारा वायरलेस माइक घ्यावा असं वाटतं. मॅनेजर म्हणाले, "ॲक्सेस टू वर्कला अर्ज करा, त्यांचं उत्तर आलं की बघू." मी आत्ताच माइक विकत घेऊन नंतर बिल लावलं तर चालेल का?

— नाव न छापण्याची विनंती

उत्तर

ताई, आधी घरातला वाद मिटवू. ॲक्सेस टू वर्क हे कर्ज नाही. ते डीडब्ल्यूपीचं, म्हणजे ब्रिटनच्या रोजगार आणि पेन्शन खात्याचं, अनुदान आहे, १९९४पासून सुरू आहे, आणि मंजूर कामासाठी खर्च झालेले पैसे परत मागितले जात नाहीत. घरच्यांचं उत्पन्न किंवा बचत त्यात विचारात घेत नाहीत. पीआयपी किंवा युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता) त्यामुळे कमी होत नाही. तेव्हा ती भीती सोडा. आणि माइक स्वतः आधी विकत घेऊन मग बिल लावलं तर चालेल का? नाही. मंजुरीचं पत्र येण्याआधीचा खर्च हे लोक देत नाहीत. पावती कितीही खरी असली तरी नाही.

आता मुलाचं सविस्तर बोलू, कारण फॉर्म त्याचा आहे आणि तारीखही त्याचीच जवळ आलीय.

सपोर्टेड इंटर्नशिप ही इंग्लंडमधली, १६ ते २४ वयाच्या आणि ईएचसी प्लॅन असलेल्या मुलांसाठीची शिक्षणक्रमाची व्यवस्था आहे. कमीत कमी सहा महिने चालते, बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामाच्या जागी जातो, आणि ती शिक्षणाचा भाग असल्यामुळे पगार नसतो. तिच्या खर्चाच्या दोन थैल्या असतात हे नीट लक्षात घ्या. शिकवण्याचा खर्च, म्हणजे वर्गातला दिवस, शिक्षक, वर्गातला मदतनीस, हा कॉलेजचा आणि कौन्सिलचा. कामाच्या जागी लागणारी खास मदत ॲक्सेस टू वर्कची. कॉलेजच्या दिवसाची टॅक्सी ॲक्सेस टू वर्क देणार नाही, त्यासाठी कौन्सिलच्या १६ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांच्या प्रवास-मदतीकडे जावं लागतं. हे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कळलं तर पाचव्या दिवशी मुलगा घरी बसतो.

तिसरा वाटा खुद्द हॉस्पिटलचा. इक्वॅलिटी ॲक्ट २०१०प्रमाणे 'रीझनेबल ॲडजस्टमेंट', म्हणजे अपंग व्यक्तीला काम जमावं म्हणून वाजवी बदल, करणं हे काम देणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते ॲक्सेस टू वर्कच्या गळ्यात घालता येत नाही. शेल्फांवर चित्रांची लेबलं लावणं, गर्दीची वेळ टाळून कामाची वेळ अर्धा तास पुढे ढकलणं, जेवणाच्या सुट्टीत बसायला शांत कोपरा देणं, "काही अडलं तर याला विचार" असा एक ठरावीक सहकारी नेमून देणं. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसाही लागत नाही. या गोष्टी अनुदानाच्या अर्जात मागितल्या तर अर्ज तपासणारा केस मॅनेजर त्या काढून टाकतो आणि उरलेल्या अर्जाकडेही जरा संशयाने बघतो.

म्हणून सही करण्याआधी कॉलेजला एक ईमेल करा आणि तीन गोष्टी लेखी मागा. आठवड्याला कोचचे किती तास मुलाला मिळणार आणि त्यातले किती कुठल्या थैलीतून. एक कोच एकाच वेळी किती इंटर्नांकडे बघणार. आणि कोच आजारी पडला तर त्या दिवशी कोण. दुसरा प्रश्न विचारायला संकोच करू नका. अनुदान तुमच्या मुलाच्या नावावर मंजूर होतं. एकच कोच तीन मुलांमध्ये वाटला जाणार असेल तर अर्जात लिहिलेले तास आणि प्रत्यक्षात मिळणारी मदत यांत मोठी तफावत पडते. सगळीकडे असं होतं असं नाही. पण आधी विचारलं तर त्याचं उत्तर द्यावं लागतं, नंतर विचारलं तर फक्त खुलासा मिळतो.

आता फॉर्म. इंटर्नशिपचा अर्ज बहुधा कॉलेज आणि विद्यार्थी मिळून भरतात. कॉलेजने तुमच्याकडे मजकूर मागितला असेल तर ते चांगलंच आहे, कारण मुलाला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. मात्र आईवडील काय लिहितात? "माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तो मेहनती आणि प्रामाणिक आहे. त्याला पूर्ण वेळ मदतीची गरज आहे." या तीन वाक्यांत एकही वाक्य खोटं नाही आणि एकही उपयोगाचं नाही. ऑटिझम म्हटल्यावर केस मॅनेजरला काहीच कळत नाही. त्या नावाची दोन माणसं एकाच स्टोअरमध्ये उभी केली तर एकाला आवाज सहन होणार नाही आणि दुसऱ्याला यादी वाचता येणार नाही. मेहनती असणं हा अडथळा नाही, म्हणून त्याला पैसा नाही. आणि 'पूर्ण वेळ' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : किती तास, कशासाठी, कधीपर्यंत?

पैसा मंजूर होतो तो कामातल्या अडथळ्यासाठी. म्हणून निदानाऐवजी कामाचा दिवस लिहा. स्टोअरमधल्या पर्यवेक्षकाकडून रोजच्या कामांची यादी मागवा आणि प्रत्येक कामापुढे चार गोष्टी भरा : काम काय, कुठे अडतं, अडलं की काय होतं, कोणती मदत किती वेळ. नमुना असा :

"सकाळी ९.३० ते १०.४५ : ट्रॉलीवर आलेला माल शेल्फवर लावणे. छापील यादी वाचता येत नाही. चित्र आणि रंगाची खूण समजते. ओळखीची वस्तू बरोबर लावतो. अनोळखी खोकं आलं की थांबतो आणि कुणाला विचारत नाही. विचारलं नाही तर २० मिनिटंही तसाच उभा राहतो. कोचने कामाचे टप्पे पाडून शिकवणे, चित्रांचं कार्ड तयार करणे आणि 'अडलं की लाल कार्ड दाखव' ही सवय लावणे गरजेचे."

"१०.४५ ते ११ : सुट्टी. घड्याळ कळतं, पण १५ मिनिटं संपल्याचं लक्षात येत नाही. फोनवरचा व्हायब्रेट अलार्म पुरतो. कोच नको."

दुसरा उतारा मुद्दाम दिलाय. जिथे मदत नको तिथे 'नको' लिहिलं की जिथे मागितलीय तिथली मागणी खरी वाटते. अर्ज इंग्रजीतच जाईल, पण आधी मराठीत, आपल्याला सुचेल तसा लिहून काढा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप शाळेच्या रिपोर्टची भाषा लिहायला लागतो.

आणखी एक अडचण आपल्या घरांमध्ये जरा जास्तच दिसते. चार माणसांत आपण मुलाचं चांगलंच सांगतो, वाईट झाकतो. या फॉर्ममध्ये वाईट दिवसाचं वर्णन लागतं. फायर अलार्म वाजला तेव्हा काय झालं, लिफ्ट बंद होती तेव्हा काय झालं, कोणी मोठ्याने बोललं तेव्हा काय झालं, हे लिहिलं नाही तर मदत फक्त चांगल्या दिवसापुरती मंजूर होते.

आता तासांचा हिशेब. जॉब कोच म्हणजे सोबत करणारा माणूस नव्हे. तो काम छोट्या पायऱ्यांत फोडून शिकवतो, सुरुवातीला हाताला हात लावून, मग खुणेने, मग नुसतं बघून, आणि हळूहळू बाजूला होतो. त्याची जागा सहकारी घेतात. हे बाजूला होणं अर्जात दिसलं पाहिजे. समजा, स्टोअरची फेरी, म्हणजे त्या विभागातला काळ, १२ आठवड्यांची आणि आठवड्याला २० तास काम. पहिले ४ आठवडे पूर्ण २० तास, म्हणजे ८० तास. ५ ते ८ आठवडे १२ तास, म्हणजे ४८. ९ ते १२ आठवडे ६ तास, म्हणजे २४. एकूण १५२ तास. असा उतरता आलेख दिला की केस मॅनेजरला शेवट दिसतो आणि मंजुरी सोपी जाते.

पण त्यातली हमखास होणारी चूक अशी : उतरता आलेख संपूर्ण वर्षाचा काढतात. तेराव्या आठवड्यात मुलगा किचनमध्ये जातो. तिथे नवी माणसं, नवे आवाज, गरम भांडी, स्वच्छतेचे वेगळे नियम. कागदावर कोचचे तास तोवर ६वर आलेले असतात. मग किचनचा पर्यवेक्षक दोन आठवड्यांत म्हणतो, "याला जमत नाही." जमत नाही हे खरं नसतं, शिकवायला माणूसच नसतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तास पुन्हा वर चढलेले दाखवा. दुसऱ्या फेरीत पूर्ण ८० तास मागायची गरज बहुधा नसते, कारण बॅज, जिने, कँटीन, 'लाल कार्ड' हे सगळं आधीच अंगवळणी पडलेलं असतं. वॉर्डांच्या फेरीत मात्र रस्ते शिकायचे असतात आणि अनोळखी माणसांशी बोलायचं असतं, तिथे हात आखडू नका.

कोच आणि सपोर्ट वर्कर यांची गल्लतही टाळा. शिकवून संपणारी गरज असेल तर कोच. जी गरज शिकून जाणारच नाही, उदाहरणार्थ एखादं सुरक्षेचं कागदपत्र रोज कोणीतरी वाचून दाखवणं, तिथे सपोर्ट वर्कर. दोन्ही लागत असतील तर दोन्ही वेगवेगळे मागा. सगळं 'कोच' या एकाच शब्दाखाली घातलं तर काही महिन्यांनी "आता शिकून झालं ना?" म्हणून सगळंच थांबतं.

यावरून तुमच्या रजेचा प्रश्न सुटतो. तुम्ही जाऊ नका. आईने केलेली मदत चांगलीच असते, पण ती बाजूला होत नाही. मुलगा अडला की तुमच्याकडे बघेल, सहकाऱ्याकडे नाही. आणि सहकारीही त्याच्याशी न बोलता तुमच्याशी बोलतील. दोन महिन्यांनी तुम्ही निघालात की सगळं पहिल्यापासून. शिवाय पहिले दोन महिने तुमच्या आधाराने निभावले तर त्याला कोचची किती गरज होती याचा पुरावाच उरत नाही. रजा घ्यायचीच असेल तर ऑगस्टमध्ये आठवडाभर घ्या आणि घरची तयारी करा : बॅज रोज त्याच खिशात, डबा स्वतः भरणं, हॉस्पिटलचं दार ते स्टोअर हा रस्ता फोटो काढून क्रमाने लावणं. कोचला एका पानावर लिहून द्या : तो घाबरला की काय दिसतं, काय केल्याने शांत होतो, कुठल्या सूचना कळतात आणि कुठल्या नाही. त्या एका पानाचा कोचला फार उपयोग होतो.

प्रवासाचं बघू. टॅक्सीचं अनुदान मिळतं ते अपंगत्वामुळे बस किंवा ट्रेनने जाता येत नाही म्हणून. बस लांब आहे, दोनदा बदलावी लागते, सकाळी गर्दी असते, ही कारणं सगळ्यांनाच लागू आहेत, ती चालत नाहीत. "बस रद्द झाली किंवा थांबा हलवला की पुढे काय करायचं ते त्याला ठरवता येत नाही, रस्ता न बघता चालायला लागतो" हे कारण आहे. मंजुरी मिळाली तरी बसने गेला असता तर जेवढा खर्च झाला असता तेवढा वाटा त्याने स्वतः द्यायचा, उरलेला अनुदानातून. समजा टॅक्सी एका खेपेला १४ पौंड. चार दिवसांच्या आठ खेपांचे ११२ पौंड. बसचं तिकीट खेपेला ३ पौंड धरलं तर त्याचा वाटा २४, अनुदान ८८. टॅक्सीची तीन कंपन्यांची लेखी दरपत्रकं तयार ठेवा. दरपत्रकात निघण्याचं ठिकाण, पोचण्याचं ठिकाण, मैल आणि वेळ असू द्या. "साधारण १५ पौंड" असा व्हॉट्सॲप संदेश दरपत्रक म्हणून चालत नाही.

मात्र वर्षभराची टॅक्सी मागण्याआधी एक विचार करा. त्याला बसचा एकच ठरलेला रस्ता शिकवता येण्यासारखा असेल तर सुरुवातीला टॅक्सी आणि सोबत काही आठवडे प्रवासात बरोबर राहून शिकवणारा माणूस असं मागता येतं. इंटर्नशिपनंतर लागणारी नोकरी तो स्वतः पोचू शकतो की नाही यावर अडते, हे डोक्यात असू द्या. इंग्लंडमधला अपंगांचा बस पास कामाच्या दिवशी सकाळी ९.३०पासून रात्री ११पर्यंत चालतो. काही कौन्सिलं त्याआधीही चालू देतात. हॉस्पिटलने कामाची वेळ १० करून दिली तर सकाळची बस फुकट पडते आणि गर्दीही टळते. ही विनंती हॉस्पिटलला करायची, ॲक्सेस टू वर्कला नाही.

मंजुरीचं पत्र आलं की ते कपाटात ठेवू नका. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, तासांची संख्या, तासाचा दर, आणि बिल पाठवायची मुदत, या चार गोष्टी वाचा. कोच पुरवणाऱ्या संस्थेचा दर मंजूर दरापेक्षा जास्त असेल तर फरक कोण देणार हे त्याच आठवड्यात विचारा. तारीख चुकीची असेल तर लगेच कळवा. पत्रातल्या तारखेआधीचा दिवस मोजला जात नाही. टॅक्सीच्या पावत्यांवर तारीख आणि कुठून कुठे हे असलंच पाहिजे, कोचच्या टाइमशीटवर कामाच्या ठिकाणच्या माणसाची सही. महिन्याच्या महिन्याला पाठवा. सहा महिन्यांच्या पावत्या एकदम पाठवल्या आणि त्यातल्या दोन पुसट निघाल्या की सगळा गठ्ठा अडकतो.

इंटर्नशिप संपून नोकरीची ऑफर आली तर जुनं अनुदान आपोआप पुढे चालत नाही. नवा अर्ज लागतो आणि तो तुमच्या मुलाच्या नावाने, त्याच्या संमतीने, त्यानेच करायचा. हॉस्पिटल त्याच्या वतीने करू शकत नाही. तुम्ही किंवा कोच शेजारी बसून मदत करू शकता. नोकरी सुरू व्हायला १२ आठवडे उरले की अर्ज करता येतो, म्हणजे ऑफर हातात पडली की त्याच आठवड्यात करा. या योजनेत प्रतीक्षा महिनोन्महिने लांबते, पण चार आठवड्यांच्या आत नोकरी सुरू होणाऱ्यांचे अर्ज पुढे घेतात. त्यामुळे सुरुवातीची तारीख ठळक लिहा, आणि तारीख जवळ आली तरी उत्तर नसेल तर ०८०० १२१ ७४७९ या क्रमांकावर फोन करून तीच तारीख पुन्हा सांगा. आठवड्याला अमुक तास काम हवंच अशी अट नाही, १० तासांची नोकरीही चालते. आणि कोच बाजूला झाल्यावर कामाचा पहिला सोमवार कोण बघणार, हे कॉलेजशी आधी ठरवा. मंजुरी यायची असेल तर नोकरीची तारीख दोन आठवडे पुढे ढकलायला हॉस्पिटलला विचारणं यात काही कमीपणा नाही. तयारीशिवाय पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

जाता जाता, तुमच्या ओळखीत कोणा पदवीच्या मुलीला पगारी इंटर्नशिप किंवा इंडस्ट्रियल प्लेसमेंट मिळाली असेल तर तिला हा कॉलेजमार्फतचा रस्ता लागू नाही. ती नोकरदारांसारखा साधा अर्ज करते.

आता तुमचं. तुमच्या मॅनेजरच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. कंपनीचं कर्तव्य ॲक्सेस टू वर्कच्या उत्तरापर्यंत थांबत नाही. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी पाठवणं, एका वेळी एकानेच बोलणं, तुम्हाला सगळ्यांचे ओठ दिसतील अशी जागा, ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅप्शन चालू ठेवणं, नंतर लेखी टिपणं, हे सगळं उद्यापासून होऊ शकतं आणि जवळपास फुकट आहे. फायर अलार्म तुम्हाला कळतो का हेही त्यांनीच बघायचं आहे. ती सुरक्षेची बाब आहे, अनुदानाची नाही. हे एचआरला ईमेलने कळवा, तोंडी नको. आपल्याला ऐकू येत नाही हे कंपनीला लेखी माहीत असलं की त्यांचं कर्तव्य टाळायला जागा उरत नाही.

माइकसाठी अर्ज तुम्हीच करायचा. तुम्ही चार वर्षं तिथे आहात, त्यामुळे उपकरणाच्या खर्चात कंपनीचा वाटा येतो. नोकरी लागल्यापासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज केला असता तर तो नसता आला. मुलाच्या वेळी ही सहा आठवड्यांची मुदत लक्षात ठेवा. हिशेब असा : ५०पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला काही द्यावं लागत नाही. ५० ते २४९ माणसांची असेल तर पहिले ५०० पौंड कंपनीचे आणि त्यावरच्या १०,००० पौंडांपर्यंतच्या रकमेचे २० टक्के कंपनीचे. २५० किंवा जास्त असतील तर पहिले १,००० पौंड, बाकी हिशेब तोच. तुमची कंपनी मधल्या गटात. समजा माइकचा संच, चार्जर, दोन-तीन जणांना वापरता येतील असे जादा माइक आणि वापर शिकवायचा खर्च धरून २,३०० पौंड झाले. कंपनीचे ५०० अधिक उरलेल्या १,८००च्या २० टक्के, म्हणजे ३६०, एकूण ८६०. योजनेचे १,४४०. आणि संचात एकच माइक असेल आणि ४५० पौंडांत येत असेल, तर सगळा खर्च कंपनीच्याच वाट्याचा. मग अर्जाची वाट बघण्यात काही अर्थच नाही. हे आकडे मॅनेजरसमोर ठेवा. "उत्तर आलं की बघू" म्हणणाऱ्यांना बहुधा आपला वाटा किती याची कल्पनाच नसते.

हा वाटा उपकरणांपुरता आहे. मोठ्या मीटिंगसाठी बोलणं जागच्या जागी टाइप करून दाखवणारा स्पीच-टू-टेक्स्ट रिपोर्टर किंवा लिपस्पीकर (बोलणं ओठांच्या स्पष्ट हालचालींनी पुन्हा सांगणारा माणूस) लागत असेल तर तो सपोर्ट वर्करमध्ये मोडतो, त्यावर कंपनीला वाटा द्यावा लागत नाही. योजनेची वरची मर्यादा एप्रिल २०२४पासून वर्षाला ६९,२६० पौंड आहे. तुमच्या गरजा तिच्या आसपासही जाणार नाहीत. श्रवणयंत्र मात्र यात मागू नका. ते तुम्ही घरी, बाजारात सगळीकडे वापरता. अनुदान फक्त कामासाठी लागणाऱ्या वस्तूचं.

अर्जाआधी एक आठवडा मीटिंगची वही ठेवा. किती माणसं, खोलीत की स्क्रीनवर, टेबल केवढं, काय सुटलं आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला. "मंगळवारी सात जणांच्या मीटिंगमध्ये व्हॅटच्या फाइलची बदललेली तारीख ऐकू आली नाही, दोन दिवस जुन्या तारखेवर काम केलं." अशा चार नोंदी ऑडिओग्रामपेक्षा (श्रवणचाचणीच्या आलेखापेक्षा) जास्त बोलतात. ऑडिओलॉजिस्टकडून तुमच्या श्रवणयंत्राचं मॉडेल आणि त्याला कुठला माइक जुळतो हे लिहून घ्या. न जुळणारा संच मंजूर झाला तर तो बदलून घेण्यात पुन्हा महिने जातात.

आणि अर्जात संपर्काची पद्धत ईमेल अशी स्पष्ट लिहा. केस मॅनेजर अनोळखी क्रमांकावरून फोन करतात. तुम्हाला तो ऐकू आला नाही, उत्तर दिलं नाही, की केस बंद होऊ शकते. मूल्यांकनासाठी कोणी फोनवर बोलू म्हणालं तर कॅप्शनसह व्हिडिओ मागा. मुलाच्या अर्जातही ईमेलच लिहा. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, संपायच्या काही आठवडे आधी नूतनीकरणाला लागा.

नाही म्हणाले तर? या योजनेला ट्रायब्यूनलमध्ये अपील नाही, कारण हा कायद्याने दिलेला हक्काचा भत्ता नसून विवेकाधीन अनुदान आहे. निर्णयाचा फेरविचार मागता येतो आणि तो दुसरा केस मॅनेजर करतो. त्या वेळी पहिलाच अर्ज पुन्हा पाठवू नका. नकाराच्या पत्रातलं प्रत्येक कारण उतरवा आणि त्याखाली त्या कामाची एक नोंद, तारीख आणि पर्यवेक्षकाचं दोन ओळींचं पत्र जोडा. तास कमी केले असतील तर कुठल्या कामासाठी कोणीच उरत नाही ते दाखवा. दिरंगाई किंवा वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती आधी डीडब्ल्यूपीकडे, मग इंडिपेंडंट केस एक्झॅमिनर या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे. पण तिथे वागणूक तपासतात, निर्णय फिरवत नाहीत. नोकरीची तारीख दारात आली आणि उत्तरच नाही अशी वेळ आली, तर तुमच्या खासदारांच्या कार्यालयाला अर्जाचा क्रमांक आणि ती तारीख लिहून ईमेल करा. ते अशा चौकश्या करतात, आणि अडकलेली फाइल त्याने हलते.